अक्कांचं नवं गाणं

सुपडाअक्कांना जाऊन दहा महिने झाले आणि गेल्या आठवड्यात त्यांचं नवं गाणं आलं.

जळगावात एका साखरपुड्याला गेले होते. हॉलच्या दारात डीजेची गाडी लावलेली, पोरं नाचत होती. मी चपला शोधत होते आणि तो आवाज कानावर आला. वर चढताना किंचित चिरकणारा, ओळ संपताना 'वो माय' म्हणत खाली बसणारा. गाणं एका वहिनीवर होतं. वहिनीच्या कंबरेवर, आणि मग आणखी कशाकशावर. माझ्या नणंदेनं नाक मुरडून विचारलं, "कोण गं ही बया?"

"काय माहीत," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

मला माहीत होतं. आवाज अक्कांचा होता आणि गाणं अक्कांनी गायलेलं नव्हतं. बाई मरून दहा महिने झाले तरी तिच्या आवाजात रोज नवं गाणं बनवता येतं, इतकी सोय आता झाली आहे. त्या सोयीत माझाही हात आहे. म्हणून हे लिहिते आहे.

धुळ्याहून पारोळ्याच्या बाजूला निघालं की रस्त्यापासून आत एक गाव लागतं. नाव लिहीत नाही, अक्कांना आवडलं नसतं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं. मी भुसावळची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. अहिराणी मला समजायची पण बोलता यायची नाही. शाळेत पोरांची खिचडी शिजवायला अक्का होत्या. पहिल्या दिवशी मी हजेरी घेत होते आणि स्वयंपाकाच्या खोलीतून गाणं आलं. मधल्या सुट्टीत मी आपलं कौतुकानं म्हणाले, "अक्का, छान गाता हो तुम्ही."

त्यांनी पळी पातेल्यावर आपटली. "छान शे का नही ते मांडव सांगी, बाई. तुम्ही कशा सांगशात? तुम्ही कोठे नवरी शेतस!"

मला तेव्हा वाटलं, फटकळ बाई दिसते. फटकळ होत्याच. बुटक्या, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. आधीची तीन भावंडं गेली म्हणून जन्मल्या जन्मल्या सुपात घालून अंगणात लोळवलेलं, त्यावरून नाव सुपडा. "मरनले मी कचरा वाटनू, म्हनीसन त्यानी माले सोडी दिधं," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि हसायच्या. नवरा लवकर गेला. एक मुलगा, दिलीप, रावेरला केळीच्या ट्रकवर. अक्षरओळख नव्हती, सही शिकल्या होत्या.

पण लग्न म्हटलं की आसपासच्या पंधरा गावांत पहिलं बोलावणं अक्कांना. हळदीच्या आदल्या दिवशीच त्या लग्नघरी जायच्या. गायला नव्हे, लसूण सोलायला. बायकांत बसून लसूण सोलता सोलता सगळं काढून घ्यायच्या. नवरीच्या मामाचं नाव काय, आत्या कुठल्या गावाला दिली, यंदा घरातलं कोण गेलं, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे. दुसऱ्या दिवशी हळदीला त्या गायला लागल्या की ही सगळी माणसं गाण्यात यायची. चाल जुनी, आईकडून आलेली. शब्द त्या घराचे. तेच गाणं दुसऱ्या घरी तसंच्या तसं त्यांनी कधी म्हटलं नाही.

"नाव नही ते गानं नही," त्या मला म्हणाल्या होत्या. "ती नुसती आरोयी शे. खेतमा पाखरं हाकलाले बरी."

एक लग्न मी डोळ्यांनी पाहिलं. रामदास आणि सुकदेव असे दोन सख्खे भाऊ, घराला घर लागून, बांधावरून सात वर्षं बोलणं नाही. सुकदेवच्या मुलीची हळद. रामदास समोरच्या ओट्यावर पाठ करून बसलेले, आणि मांडवातल्या सगळ्यांनी ते न पाहिल्यासारखं केलेलं. अक्कांनी गाणं धरलं. आजी झाली, मावशी झाली, आणि मग एकदम आवाज उंच करून,

"सुकदेव आबानी हयद, रामदास नानानी वाट,
एक हातवरी नही लागे, लागतस दोनी हात…"

बायकांनी ओळ उचलली. अक्का पुढे जाईचनात. तीच ओळ, पुन्हा तीच ओळ. दहा वेळा, बारा वेळा. बायका हसायला लागल्या, मग हसायच्या थांबल्या. नवरी पाटावर रडत होती. शेवटी रामदास नाना उठले, "आते पुरं कर वो बाई," असं ओरडत आले आणि हळदीच्या वाटीत हात घातला. सुकदेव आबांनी मान खाली घातली. अक्कांनी त्याच दमात पुढची ओळ धरली, जणू काही झालंच नाही.

त्या दिवशी मला कळलं की ही बाई काय करते. तरीही मी पुढे जे करू नये ते केलंच.

शाळा बंद होत्या त्या काळात आम्हा शिक्षकांना घरून व्हिडिओ करायला सांगितले होते. लोकगीतावर एक व्हिडिओ हवा होता. मी अक्कांकडे गेले. गुलाबाईचं, पोरींच्या त्या भोंडल्यासारख्या खेळातलं, एक गाणं म्हणा, मी मोबाइलवर घेते, म्हणाले. त्या तयार होईनात. "गुलाबाई बसेल नही, पोरी नहीत, मंग गाऊ कोनाले?" मी म्हणाले, पोरी मोबाइलमध्ये बघतील. त्यांना माझ्यासाठी वाईट वाटलं असावं. वरिष्ठांचा तगादा आहे हे मी त्यांना सांगितलं होतं. चुलीशी बसून त्यांनी गाणं म्हटलं, आमच्या वर्गातल्या सगळ्या पोरींची नावं घालून. मी ते ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठे कुठे गेलं, मला माहीत नाही. दोन महिन्यांनी धुळ्याहून पंकज नावाचा एक जण मोटरसायकलवर शाळेत आला.

पंकज वाईट माणूस होता असं लिहिलं तर हे सगळं सोपं होईल. तो तसा नव्हता. साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातला, चांगला बोलणारा, अक्कांच्या पाया पडला. त्याचा धुळ्याच्या देवपूर भागात छोटा स्टुडिओ होता आणि अहिराणी गाण्यांचा चॅनल. "मावशी, आपली भाषा मरत चालली," तो म्हणाला. "तुमचा आवाज आम्ही जतन करू." जतन हा शब्द मला फार आवडला. अक्कांना घेऊन मीच धुळ्याला गेले.

काचेच्या खोलीत त्यांना उभं केलं, कानाला हेडफोन लावले. अक्का गप्प. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"काय झालं, मावशी?" पंकजनं बाहेरून माईकवर विचारलं.

"कोनं लगीन शे?"

तो क्षणभर गोंधळला. हुशार होता, लगेच म्हणाला, "माझ्या बहिणीचं समजा."

"नाव काय तिनं? मायनं नाव काय? मामा कोन गावना?"

बहिणीचं नाव ज्योती. आई कमल, मामा शिरपूरचा. अक्कांनी डोळे मिटले आणि असं गायल्या की पंकजचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं आहे. मग त्यानं त्यांच्याकडून आणखी खूप काही म्हणवून घेतलं. वेगवेगळ्या चाली, नुसते आलाप, हसणं, हाका, बाराखडी. तीन दिवस आम्ही जात होतो. बाराखडी कशाला, असं अक्कांनी विचारलं, तर तो म्हणाला, "आवाज नीट बसवायला लागतं."

शेवटच्या दिवशी साडी, नारळ आणि एक कागद. अक्कांनी कागद माझ्या हातात दिला. "बाई, वाची देखा."

मी वाचला. 'सदर ध्वनिमुद्रणावर व त्यातून निर्माण होणाऱ्या सर्व ध्वनींवर' असं एक वाक्य होतं. त्यातून निर्माण होणारे ध्वनी म्हणजे काय, असं मला क्षणभर वाटलं. वकिली भाषा अशीच असते, असंही वाटलं. "ठीक आहे, अक्का," मी म्हणाले. त्यांनी एकेक अक्षर लावत सही केली.

गाणं आलं आणि खानदेशभर गाजलं. व्हिडिओत नाशिकची एक गोरी मुलगी पिवळी साडी नेसून अक्कांच्या आवाजावर ओठ हलवत होती. मला राग आला. अक्का खूश होत्या. "पोर गोड शे. मानं तोंड दखाडं असतं ते कोन देखतं?" गावानं शाल दिली, सरपंचांनी भाषण केलं.

मग लग्नसराई आली. अक्का आदल्या दिवशी एका घरी लसूण सोलायला गेल्या तर लसूण पाचोऱ्याच्या केटरिंगवाल्यांनी सोलूनच आणलेला. हळदीला डीजे होता आणि डीजेवर अक्कांचंच गाणं. बायका पाटाभोवती बसल्या, पण गाणार कशाला? अक्काच तर गात होत्या, भोंग्याएवढ्या मोठ्या आवाजात! आणि गाण्यात नवरी ज्योती, आई कमल, मामा शिरपूरचा. भुसावळपासून नंदुरबारपर्यंत त्या वर्षी प्रत्येक मांडवात पंकजच्याच बहिणीला हळद लागली.

अक्का स्पीकरजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "आरे, आठेनी नवरी पूजा शे! ज्योती नही रे, पूजा!" आपल्याच आवाजाशी त्या भांडत होत्या आणि आपल्याच आवाजापुढे त्यांचं ऐकू येत नव्हतं. डीजेवाल्यानं हात जोडून त्यांना बाजूला खुर्चीवर बसवलं. लोकांना गंमत वाटली. मलाही वाटली, खरं सांगते.

त्यांनी मला पंकजला फोन लावायला सांगितलं. तो हसला. "मावशी, काळजी नको. आता तीही सोय झाली. नवरीचं, आईचं, मामाचं नाव कळवा, तुमच्याच आवाजात नाव घालून गाणं मिळतं. तुम्हाला यायचीही गरज नाही."

अक्कांना ते समजायला वेळ लागला. "मी नही उनी ते गाई कोन?"

"कॉम्प्युटर. पण आवाज तुमचाच, मावशी."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मग मला विचारलं, "बाई, त्याले कोन सांगी, घरमा कोन मरेल शे ते?"

उत्तर लवकरच मिळालं. एका लग्नात तसं गाणं मागवलं होतं. नावं कुणा चुलतभावानं घाईत कळवलेली. महिन्यापूर्वी अपघातात गेलेल्या काकाचं नाव त्यात राहिलं होतं. 'हासत उना काका' असं अक्कांचा आवाज गायला आणि मांडवात ती काकू उठून आत गेली. त्या घरच्या म्हाताऱ्यानं अक्कांना निरोप धाडला, "इतली वरीस येनी ना तू आमना घर, तुले तरी समजाले पाहिजे व्हतं."

अक्का पायी त्या गावी जाऊन काकूच्या पाया पडून आल्या. न केलेल्या गोष्टीसाठी. चप्पल तुटलेली होती, हातात घेऊन चालत आल्या. मी म्हणाले, तुमचा काय दोष? तर म्हणाल्या, "तिना कानमा मीच व्हतू ना."

त्यानंतर पहिलं वहिनीचं गाणं आलं, परवा साखरपुड्यात ऐकलं तसलंच.

दिलीपनं ते रावेरजवळच्या ढाब्यावर ऐकलं. चार ड्रायव्हर जेवत होते, मोबाइलवर लावून खिदळत होते. दिलीप दुसऱ्या दिवशी ट्रक सोडून गावी आला. शाळा सुटत होती, मी तिथेच होते. तो स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभा राहिला, आत आला नाही.

"माय, तू हाई काय गायनी?"

"काय रे भाऊ?"

त्यानं मोबाइल लावला. चार ओळी झाल्या आणि मीच पुढे होऊन म्हणाले, "बंद कर."

"मी नही गायनी," अक्का म्हणाल्या.

"मी तुना आवाज वयखत नही का? या आवाजमा तू माले झोपाडेल शे!"

"दिलीप, मशीननं केलंय ते," मी समजावायला गेले. स्टुडिओ, कागद, सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "बाई, मशीन 'वो माय' म्हनस का?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला. अक्का खिचडीचं पातेलं घासायला बसल्या. खरडून खरडून घासत होत्या. मग विहिणीला उद्देशून म्हणायच्या गाण्यांची आठवण काढून म्हणाल्या,

"मी बी वंगाय गायेल शे, बाई. इहीनले काय काय म्हनेल शे, तुम्ही ऐकशात ते पयी जाशात. पन इहीन समोर बशेल ऱ्हास. तिले राग उना ते ती उलटी गास. मंग दोन्ही हासतस. हाई कोनाले गास? याले उत्तर कोन देई?"

आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. पंकजनं चहा मागवला. तो खरंच ओशाळला होता. हे गाणं त्याचं नव्हतं. त्यानं आवाजाची ती फाइल दुसऱ्या कुणाला वापरायला दिली होती, त्यानं तिसऱ्याला. "आता कुणाकुणाकडे आहे, मलाच माहीत नाही," तो म्हणाला. "एक काढायला लावलं तर दुसरं येतं. मावशी, आपण एक व्हिडिओ करू. तुम्ही सांगा, हा आवाज माझा नाही."

"पन आवाज ते माना शे," अक्का म्हणाल्या. "त्याले मी नही कशी म्हनू?"

 

तक्रार द्यायला आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथला हवालदार भला माणूस होता, अक्कांना बसायला खुर्ची दिली. सगळं ऐकून म्हणाला, "अक्का, तुम्ही दोन ओयी म्हनी दखाडा बरं. मंग फरक समजी."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या खुर्चीवरून उठल्या, भिंतीशी उभ्या राहिल्या आणि हळदीच्या दोन ओळी म्हणाल्या. कोणाचं नाव घातलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच नाव न घालता गायल्या असतील. हवालदारानं मग मोबाइलवर ते वहिनीचं गाणं लावलं. कान देऊन ऐकलं. मान हलवली.

"सेम टू सेम शे वो, अक्का," तो हळहळत म्हणाला. "साहेब इचारतीन ते मी काय सांगू?"

टेबलापलीकडचे दोघं जण हसले. त्यांना वाईट हेतू नव्हता. कोणालाच नव्हता, हेच मला आजवर सहन होत नाही.

श्रावणात भाऊबंदांच्या घरी कानबाई देवी बसली. दरवर्षी गाणं अक्का धरायच्या. त्या वर्षी त्यांच्या जावेनं सगळ्यांसमोर मायेनं म्हटलं, "अक्काले दम लागस आते. तिले बसू द्या." अक्कांना दम लागत नव्हता. त्या बसल्या.

गाणं थांबलंच, पण आणखी एक झालं. त्यांचा बोलण्याचा आवाज बदलला. घोगरा, खालचा, फाटका. मला वाटलं घसा बसला, सिव्हिलला जाऊ म्हणाले. एकदा मागून ऐकलं तर पोरांना जेवायला हाक मारताना आवाज स्वच्छ निघाला आणि पुढच्याच शब्दाला त्यांनी तो मोडून खाली घेतला. मी समोर येऊन नुसती पाहत राहिले.

"तो आवाज त्यासना व्हयी गया," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "हाऊ माना."

पुढच्या वर्षी माझी बदली जळगावला झाली. निरोपाच्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "अक्का, कागद मी वाचला होता. चूक माझी आहे."  मला वाटलं होतं, त्या 'नही वो बाई' म्हणतील. त्या म्हणाल्या, "हा. तुम्हीच वाचा व्हता." आणि डब्यात खिचडी भरून दिली.

त्यांना शेवटचं पाहिलं ते रावेरला, दिलीपच्या मुलीच्या, काजलच्या हळदीला. बोलावणं दिलीपनंच केलं होतं. मायलेकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, पण गाण्याचा विषय घरात निघत नव्हता. दिलीपनं डीजे ठेवला नाही. व्याह्यांनी नाराजी दाखवली तरी ठेवला नाही. आईची माफी त्यानं एवढीच मागितली असेल.

सकाळचे दहा वाजले असतील. केळीच्या पानावर पाट मांडलेला, काजल बसलेली, बायका गोल करून. आणि कोणी गाईना. रावेरकडच्या बायकांची बोली वेगळी, गाणी वेगळी, त्या आमच्याकडे बघत राहिल्या. आमच्याकडच्या सगळ्या अक्कांकडे. कोणीतरी म्हणालं, "अक्का, धरा ना." अक्कांनी घशाकडे बोट दाखवून मान हलवली.

मग त्या उठल्या. वाटीत बोटं बुडवून काजलच्या गालाला हळद लावली, दंडांना लावली आणि तिच्या कानाशी वाकल्या. ओठ हलत होते. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. काजल आधी लाजून हसली. मग तिनं आजीचं मनगट धरलं आणि सोडेना. कोणाकोणाची नावं येत होती कोण जाणे. आजोबा, जे तिनं पाहिलेच नव्हते? कोणाचं भांडण? मांडवात इतकी शांतता होती की नळाखाली भरणाऱ्या बादलीचा आवाज येत होता.

एका बाईनं मोबाइल काढला आणि अक्कांच्या ओठांजवळ नेला.

अक्का थांबल्या. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं. मग नजर फिरवून माझ्याकडे. माझाही मोबाइल हातात होता. कधी काढला, मला कळलंही नव्हतं.

त्यांनी तोंड मिटलं.

"आजी, पुढे?" काजल म्हणाली. "पुढे काय वो?"

"व्हयनं, बेटा," अक्का घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "इतलंच व्हतं."

मी मोबाइल पर्समध्ये टाकला, पण तोवर त्या हात धुवायला नळाकडे गेल्या होत्या.